डिस्को कसा ऐकायचा, कसा नाचायचा: अगदी पहिल्यापासून

आपल्याकडे डिस्को पोचला तेव्हा अमेरिकेत त्याचं तेरावं घालून झालं होतं. ‘कुर्बानी’ आला १९८० साली, ‘डिस्को डान्सर’ १९८२ साली; आणि शिकागोच्या एका बेसबॉल मैदानात डिस्कोच्या तबकड्यांना सुरुंग लावला गेला तो १९७९ च्या जुलैत. त्यामुळे आमच्यापैकी बहुतेकांनी डिस्को शेपटाकडून पाहिला. चकाकता पोशाख, कपाळाला पट्टी, वर फिरणारा आरशांचा गोळा आणि मिरवणुकीतल्या ट्रकवरची ‘डिस्को लाईट’. शेपूट चाचपून हत्ती दोरीसारखा असतो म्हणणाऱ्या आंधळ्यासारखी आमची गत.

हा लेख सोंडेकडून सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. ज्यांनी डिस्को कधी कान देऊन ऐकला नाही, लग्नात नाचायला ओढलं की ज्यांना नेमकी तहान लागते, त्यांच्यासाठी. वाचताना एक गोष्ट धरून ठेवा: हे नाचणाऱ्यांनी घडवलेलं संगीत आहे. गाणं किती लांबवायचं, ठोका कुठे टाकायचा, गायिकेने कधी गप्प बसायचं, हे फरशीवरच्या पायांनी ठरवलं.

साहित्य थोडकंच. बऱ्यापैकी हेडफोन घ्या, कारण मोबाइलच्या स्पीकरवर खालचा ठोका ऐकूच येत नाही आणि डिस्कोत तोच गेला तर मागे नुसता चिवचिवाट उरतो. चार पावलं मागे-पुढे जाता येईल एवढी जागा करा. पायात गुळगुळीत तळाचे बूट हवेत. टाइल्सवर मोजे घालून नाचू नका, पडाल.

पायरी १: आधी शब्द सोडवा

फ्रेंचमध्ये ‘बिब्लिओथेक’ म्हणजे पुस्तकालय. त्याच चालीवर ‘डिस्कोथेक’ म्हणजे तबकड्यालय. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये जॅझवर वक्रदृष्टी होती. वाजवणारे गोळा करण्यापेक्षा तळघरात तबकडी लावणं सोपं आणि बिनबोभाट. युद्ध संपलं तरी सवय राहिली. १९५३ च्या सुमारास पॅरिसच्या ‘व्हिस्की आ गोगो’ क्लबात रेजीन नावाच्या बाईने ज्यूकबॉक्स, म्हणजे नाणं टाकलं की तबकडी वाजवणारी पेटी, काढून टाकला आणि दोन टर्नटेबल मांडले. कारण ती स्वतःच सांगत असे: ज्यूकबॉक्सवर दोन गाण्यांच्या मध्ये शांतता व्हायची आणि कोपऱ्यातल्या जोडप्यांच्या चुंबनांचे आवाज सगळ्यांना ऐकू जायचे. दोन टर्नटेबल असले की एक तबकडी संपायच्या आत दुसरी सुरू करता येते. पुढच्या सगळ्या कथेचं बी या गमतीत आहे. मध्ये खंड पडू द्यायचा नाही.

म्हणजे हा शब्द आधी जागेचा होता, संगीताला तो नंतर चिकटला. बैठकीची लावणी, फडाची लावणी ही नावंही जागेवरूनच पडली. पण तिथे ‘लावणी’ शिल्लक राहिली. इथे जागेच्या नावाने संगीताचं नावच गिळलं. १९७३ च्या सप्टेंबरात संगीतावर लिहिणाऱ्या व्हिन्स अलेटी यांनी ‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन नियतकालिकात या नव्या वाऱ्याबद्दल लिहिलं तेव्हा मथळ्यात ‘डिस्कोथेक रॉक’ असा शब्द वापरावा लागला. लोक नाचत होते, बारशाला वेळ होता.

पायरी २: ठोका मोजा

हॅरल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्स यांचं ‘द लव्ह आय लॉस्ट’ (१९७३) लावा. फिलाडेल्फियाच्या सिग्मा साउंड स्टुडिओतलं हे गाणं मुळात संथ चालीचं म्हणून ठरलं होतं. लय वाढवली आणि ड्रमर अर्ल यंग यांनी त्यात जे वाजवलं त्याची नक्कल पुढची सहा-सात वर्षं जगभर झाली.

शब्दांकडे लक्ष देऊ नका. पायाने वाजवायचा मोठा ड्रम, म्हणजे किक, तेवढाच शोधा. एक, दोन, तीन, चार: चारही मात्रांवर तो पडतो, सारख्याच जोरात. आपल्या कानाला याची सवय नाही. केरव्यात पाचव्या मात्रेवर खाली येते, डग्गा हलका होतो, कानाला श्वास घ्यायला जागा मिळते. डिस्कोत खाली नाहीच. तबलजींना हे रुक्ष वाटेल आणि नुसता ठेका म्हणून पाहिलं तर ते आहेच. पण कधीही न नाचलेल्या माणसासाठी यासारखी सोय नाही. ठोका हुकला? पुढचा अर्ध्या सेकंदात येतोय, त्यावर चढा. समेची वाट पाहायला नको.

आता घड्याळ लावून पंधरा सेकंदांत किती ठोके पडतात ते मोजा आणि चारने गुणा. बहुतेक डिस्को गाणी मिनिटाला ११० ते १३० ठोक्यांत बसतात, १२० च्या आसपास सगळ्यात जास्त. बी जीज या बँडचं ‘स्टेइंग अलाइव्ह’ जरा संथ, १०३ च्या घरात. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायची असते, म्हणून प्रथमोपचाराच्या वर्गात हेच गाणं मनात म्हणायला सांगतात. योगायोगाने नावही समर्पक.

टाळी वाजवून पाहायची असेल तर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर वाजवा. भजनाच्या सवयीने हात पहिल्या मात्रेवरच जाईल. दोन-तीन दिवस भांडण होईल, मग जमेल.

पायरी ३: ठोक्याच्या आजूबाजूला काय चाललंय

किक कानात बसला की त्याच्या मधल्या जागा ऐका. तिथे ‘त्स्स्’ असा आवाज येतो. स्टँडवर एकावर एक बसवलेल्या दोन झांजा पायाने उघडमीट करतात, तो हाय-हॅट. अर्ल यंग त्या अर्ध्या मात्रेवर उघड्या सोडायचे. ठोका पाय खाली आणतो, ही झांज उचलायला लावते. एवढ्या एका गोष्टीने चालणं आणि नाचणं यात फरक पडतो. विश्वास नसेल तर ‘धम्-त्स्स्, धम्-त्स्स्’ तोंडाने म्हणत खोलीत चालून बघा.

खाली बेस गिटार. ती पुष्कळदा मंद्र सा आणि मध्य सा यांच्यात उड्या मारत असते. वर व्हायोलिनांचा ताफा. केनेथ गँबल आणि लिऑन हफ या जोडीने १९७१ मध्ये फिलाडेल्फियात कंपनी काढली; त्यांच्या स्टुडिओतल्या वादकांचा संच तिसाहून मोठा होता. डिस्कोला ‘गुळगुळीत’ म्हणून नाकं मुरडली गेली ती या व्हायोलिनांमुळे. मला ती आवडतात. खाली ठोका इतका रोखठोक असताना वर कुणीतरी लाड करायला हवंच.

आणि ‘ब्रेक’. गाण्याच्या मध्यावर गायक, व्हायोलिनं, बेस सगळे गळून पडतात, उरतो ड्रम किंवा काँगो. मग एकेक जण परत येतो. पथकात ढोल थांबवून ताशा एकटाच कडकडत राहतो आणि मग सगळे ढोल एकदम पडतात, तेव्हा अंगावर जो काटा येतो, तोच हा. नाचणाऱ्यांना गाण्यातला हा भाग सगळ्यात प्रिय होता, आणि अडचण अशी की तो जेमतेम काही सेकंद टिकायचा.

पायरी ४: गाणं लांब ऐका

नवखे लोक इथे चुकतात. रेडिओवरची तीन मिनिटांची आवृत्ती ऐकतात आणि ‘यात काय आहे’ म्हणून बंद करतात.

त्या काळी सुटं गाणं ७ इंची तबकडीवर यायचं. तबकडीत जागा मोजकी. खालचे स्वर जोरात हवे असतील तर खाचा रुंद लागतात, खाचा रुंद केल्या तर वेळ कमी पडतो. म्हणून एक तर गाणं लांब, नाहीतर दणदणीत. टॉम मोल्टन हा न्यू यॉर्कचा माणूस नाचणाऱ्यांसाठी गाण्यांच्या टेप कापून-जोडून लांब करायचा. एकदा तो चाचणीची तबकडी कापून घ्यायला गेला तेव्हा ७ इंची कोऱ्या चकत्या संपल्या होत्या. १० इंची चकतीवर गाणं घेतलं, पण तेवढ्याशा खाचा मोठ्या चकतीवर केविलवाण्या दिसू लागल्या. मग त्या पसरवून कापल्या. ऐकलं तर आवाज असा भरदार, की तो आणि तबकडी कापणारा, दोघेही चकित. या अपघातातून पुढे १२ इंची तबकडी आली; तिच्यावर लांबीही मिळाली आणि दणकाही. १९७६ मध्ये सॅलसोल कंपनीने डबल एक्स्पोजरचं ‘टेन पर्सेंट’ अशा तबकडीवर बाजारात आणलं. वॉल्टर गिबन्स या डीजेने चार मिनिटांच्या आतलं गाणं नऊ मिनिटांच्या वर नेलं होतं.

गायकाला विचारून हे झालं नव्हतं. ग्लोरिया गेनर यांच्या १९७५ च्या अल्बमची पहिली बाजू मोल्टनने तीन गाणी सांधून सुमारे १९ मिनिटांचं एकच अखंड गाणं केली. बाईंची तक्रार होती की यात मी फारशी गातच नाही! नाचणाऱ्यांची काही तक्रार नव्हती.

तेव्हा ॲपवर शोधताना नावापुढे ‘ट्वेल्व्ह इंच’ किंवा ‘एक्स्टेंडेड’ लिहिलेली आवृत्ती घ्या. उभं राहून ऐका. बसून नऊ मिनिटं कंटाळाल, कारण ती बसण्यासाठी केलेलीच नाहीत.

पायरी ५: ते कुठे नाचत होते हे माहीत करून घ्या

न्यू यॉर्क, १९६० च्या दशकाचा शेवट. पुरुषाने पुरुषाबरोबर नाचणं म्हणजे पोलिसांच्या धाडीला आमंत्रण. जून १९६९ मध्ये स्टोनवॉल नावाच्या बारवर अशीच धाड पडली आणि लोकांनी उलटा प्रतिकार केला. त्यानंतर समलिंगी, कृष्णवर्णीय, पोर्तो रिकन अशी ज्यांना गावातल्या बड्या क्लबांत मानाने जागा नव्हती ती मंडळी आपापले अड्डे शोधू लागली.

१४ फेब्रुवारी १९७० ला डेव्हिड मॅन्कुसो याने ६४७, ब्रॉडवे या पत्त्यावरच्या आपल्या राहत्या घरी पार्टी ठेवली. जुनं गोदाम होतं ते, म्हणून नाव पडलं ‘द लॉफ्ट’. आमंत्रण असेल तरच प्रवेश, थोडी वर्गणी, आत फळं आणि सरबत, दारूची विक्री नाही. छताला फुगे. मॅन्कुसो अनाथालयात वाढला होता. तिथली एक सिस्टर मुलांना जमवून रेकॉर्ड लावायची, फुगे लावायची, त्याची ही आठवण. स्पीकर मात्र असे, की गाण्यातल्या वादकाने खोलीत खुर्ची टाकावी. पुढे पुढे तर तो गाणी एकमेकांत मिसळायचाही नाही. लावलेली तबकडी शेवटपर्यंत वाजू द्यायचा.

तिथे काय वाजेल याला नेम नसे. ब्रुकलिनमधल्या वेस्ट इंडियन वस्तीतल्या दुकानात त्याला कॅमेरूनच्या मनू दिबांगो यांची ‘सोल माकोसा’ मिळाली. त्याच्या फरशीवरून ती रेडिओवर गेली आणि १९७३ मध्ये अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चढली. मुंबईत जन्मलेल्या आशा पुथली यांचं ‘स्पेस टॉक’ (१९७६) हेही लॉफ्टचं लाडकं. हिंदुस्थानी संगीत आणि ऑपेरा दोन्ही शिकलेल्या या बाई ऑर्नेट कोलमनसारख्या जॅझवाल्यांबरोबर गाऊन आल्या होत्या. त्यांचा आवाज त्या गाण्यात वाफेसारखा तरंगतो. मिथुनच्या सहा वर्षं आधी मुंबईचा धागा थेट उगमापाशी होता, आणि आपल्याला पत्ता नव्हता.

त्याच सुमारास ‘द सँक्च्युअरी’ नावाचा क्लब एका जुन्या चर्चमध्ये चालायचा, आणि जिथे वेदी असायची तिथे डीजे फ्रान्सिस ग्रासो बसायचा. खाली टर्नटेबल फिरत असताना तबकडी बोटाने धरून ठेवायची आणि ऐन मात्रेवर सोडायची, दोन तबकड्यांची लय जुळवून एकीवरून दुसरीवर जायचं, ही हातोटी त्याने रुळवली. आज लग्नातला डीजे जे करतो ते इथलं.

स्टुडिओ ५४ चं नाव तुम्ही ऐकलं असेलच. एप्रिल १९७७ मध्ये उघडलेला, नटनट्यांचा. माझ्या मते त्याला फुकटचं महत्त्व मिळालं आहे. दारात उभं राहून कोणाला आत सोडायचं हे ठरवणारा क्लब म्हणजे लॉफ्टची उलटी बाजू. त्याच वर्षाच्या शेवटच्या रात्री ‘शीक’ बँडच्या नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्‌स यांना गायिका ग्रेस जोन्सने तिथे बोलावलं होतं, पण दारवानाने आत घेतलं नाही. दोघे घरी गेले आणि त्या दारवानाला घातलेल्या शिवीवर एक चाल बांधली. शिवी बदलून झालं ‘ल फ्रीक’. एका नकाराची एवढी वसुली क्वचितच कुणी केली असेल.

पायरी ६: आता पाय

पहिला आठवडा फक्त रांगेतला नाच. तीन पावलं मागे, चौथ्या मात्रेवर पायाचा चवडा टेकवा. तीन पावलं पुढे, चौथ्यावर टेकवा. मग उजवीकडे तसंच, डावीकडे तसंच. लेझीम खेळलेल्यांना हे दहा मिनिटांत येईल. गुडघे सैल ठेवा. ताठ गुडघ्यांनी नाचणारा माणूस कवायत करताना दिसतो. बोट आकाशाकडे रोखण्याची सिनेमातली पोझ पहिल्या महिन्यात करू नका. करायचीच तर दार लावून.

दुसऱ्या आठवड्यात ‘हसल’. हा जोडीचा नाच १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला साउथ ब्राँक्समधल्या पोर्तो रिकन मुलामुलींनी घडवला. व्हॅन मॅकॉय यांचं त्याच नावाचं गाणं १९७५ मध्ये आलं आणि नाच सगळीकडे पसरला. मोजणी अशी: ‘नि-एक, दोन, तीन’. ‘नि’वर डावा पाय मागे, नुसत्या चवड्यावर. ‘एक’वर भार उजव्या पायावर परत. ‘दोन’ला डावा पुढे, ‘तीन’ला उजवा पुढे. पुन्हा ‘नि’.

इथे गंमत आहे. पावलं चार, पण मात्रा लागतात तीन. संगीत तर चारात चाललंय. म्हणजे तुमची पहिली मात्रा गाण्याच्या पहिल्या मात्रेवरून सरकत जाते आणि बारा मात्रांनी पुन्हा भेटते. चारात तीन! लयकारी ज्यांनी थोडीफार केली आहे त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. इतरांनी घाबरू नये, कारण ब्राँक्समधल्या पोरांनी काही हिशेब मांडला नव्हता. नवख्यांची चूक एकच होते: सरकलेली मात्रा जाणवली की ते थांबून ‘एक’ शोधतात. थांबू नका. ठोका सगळीकडे सारखाच आहे, कुठलाही ‘एक’ तुमचाच.

जोडीदार असेल तर हात सैल पण मेलेले नकोत. ‘नि’ला दोघांनी एकमेकांपासून किंचित ओढ घ्यायची, त्या ताणावरच गिरकी उभी राहते.

पायरी ७: कोणत्या क्रमाने ऐकायचं

फिलाडेल्फियाचं एखादं गाणं झालं की १९७४ मधलं जॉर्ज मॅक्रे यांचं ‘रॉक युअर बेबी’ घ्या. ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि रेडिओवाल्यांना कळलं की क्लबमध्ये काहीतरी शिजतंय. मग ‘टेन पर्सेंट’, अर्थात लांब. मग डॉना समर यांचं ‘आय फील लव्ह’ (१९७७). जॉर्जिओ मोरोडर आणि पीट बेलॉट यांनी म्युनिकमध्ये ते जवळजवळ संपूर्ण सिंथेसायझरवर केलं. व्हायोलिनं गेली, माणसं गेली, उरलं यंत्र आणि एक बाई. आजही ते परवा केल्यासारखं वाटतं.

बी जीज मुद्दाम उशिरा ठेवलेत. ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ हा सिनेमा (डिसेंबर १९७७) निक कोन यांच्या मासिकातल्या लेखावर बेतला होता आणि तो लेख बराचसा मनचा होता, हे लेखकानेच नंतर कबूल केलं. सिनेमातला नायक ब्रुकलिनचा इटालियन वंशाचा पोरगा. ज्यांच्यापासून हे सुरू झालं ते कडेला गेले. गाणी मात्र झकास आहेत. ‘स्टेइंग अलाइव्ह’च्या वेळी ड्रमर हजर नव्हता, म्हणून दुसऱ्या गाण्यातल्या दोन आवर्तनांच्या टेपची माळ करून तीच फिरवत ठेवली आणि श्रेयात बर्नार्ड लूप असं खोटं नाव टाकलं. त्या लूपसाहेबांना काम द्यायला म्हणे लोक शोधत होते.

आणि शेवटी आपलं ‘आप जैसा कोई’. ते न्यू यॉर्कहून आलं नाही, लंडनहून आलं. बंगळुरूत वाढलेले आणि १९७४ मध्ये ‘कुंग फू फायटिंग’ जगभर गाजवणारे बिद्दू यांनी ते केलं, गायलं पंधरा वर्षांच्या नाझिया हसनने. आता ते पुन्हा ऐका. किक शोधा, मधली झांज शोधा, बेस कुठे उडी मारतोय ते बघा. लहानपणापासून हजारदा ऐकलेलं गाणं पहिल्यांदा ऐकल्यासारखं होईल.

राहिला तो सुरुंग. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या कोमिस्की पार्कमध्ये स्टीव्ह डाल या रेडिओवाल्याने टूम काढली: डिस्कोची एक तबकडी आणा, ९८ सेंटमध्ये सामना बघा. पन्नासेक हजार लोक आले. दोन सामन्यांच्या मध्ये तबकड्यांचा ढीग उडवून दिला, प्रेक्षक मैदानात घुसले, खेळपट्टीची वाट लागली आणि यजमान संघाला दुसरा सामना सोडून द्यावा लागला. तिथे काम करणाऱ्या व्हिन्स लॉरेन्स नावाच्या कृष्णवर्णीय पोराने पुढे सांगितलं की लोकांनी आणलेल्या पुष्कळ तबकड्या डिस्कोच्या नव्हत्याच, काळ्या गायकांच्या होत्या.

त्याच शहरात, त्याच काळात, ‘वेअरहाउस’ नावाच्या क्लबात फ्रँकी नकल्स डिस्कोच्याच तबकड्या वाजवत होता, कापत होता, लांबवत होता. जे तयार झालं त्याला क्लबच्या नावाचं डोकं तोडून लोक ‘हाउस’ म्हणू लागले. पुन्हा जागेचंच नाव. आणि तो मैदानावरचा पोरगा, लॉरेन्स, पुढे हाउसच्या अगदी पहिल्या तबकड्या काढणाऱ्यांत होता. त्या ऐकायच्या असतील तर पायरी २ पासून पुन्हा सुरू करा. किक तिथेच आहे, चारही मात्रांवर.